तात्पर्य नसलेल्या गोष्टी

‘मुद्द्यांवरून गोष्ट तयार करा, योग्य शीर्षक द्या आणि तात्पर्य लिहा.’ मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी हा प्रश्न आठवेल. गोष्ट कशीही वळली तरी शेवटी एक ओळ सोडायची, ‘तात्पर्य’ लिहून त्याखाली रेघ मारायची आणि ‘गर्वाचे घर खाली’ किंवा ‘एकीचे बळ’ यांपैकी जे बसेल ते बसवायचे. त्या एका ओळीला वेगळे गुण असत. गोष्ट वाचायची ती तिच्यातून काहीतरी काढून घेण्यासाठी, ही सवय आपल्या अंगात तिथून मुरली.

या सवयीचा छापील माग काढत गेलो की आपण पुण्यामुंबईला पोचत नाही, थेट कावेरीकाठी तंजावरला पोचतो. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तिथे मराठी गादी स्थापली. त्याच गादीवर १७९८ ते १८३२ या काळात सरफोजी राजे (दुसरे) होते. लहानपणी श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली ते शिकले होते, ग्रंथांचे आणि नव्या विद्यांचे त्यांना वेड होते. त्यांनी तंजावरात छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथे ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली. सख्खन पंडितांनी केलेले इसापाच्या गोष्टींचे ते मराठी भाषांतर. मुंबईत बापू छत्र्यांच्या ‘इसापनीतिकथा’ निघाल्या १८२८ मध्ये, म्हणजे तब्बल बावीस वर्षांनी. मराठी मुलांसाठी छापलेल्या गोष्टींचा आरंभ तमिळ मुलखातल्या एका मराठी राजवाड्याच्या आश्रयाने झाला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शिक्षकांना आवर्जून सांगावी अशी आहे.

आता त्याच शहरातला आजचा वर्ग पाहू. सीबीएसईच्या शाळांत नववीच्या इंग्रजीला ‘बीहाइव्ह’ हे पुस्तक वर्षानुवर्षे होते आणि त्यातला पहिलाच धडा आयझॅक आसिमोव्ह यांच्या ‘द फन दे हॅड’ या कथेचा. कथा १९५१ ची आणि घडते २१५७ मध्ये. देशभर लाखो मुलांनी ती वाचली. परीक्षेसाठी वाचली, प्रश्नोत्तरे पाठ केली, आणि माझी खात्री आहे की बहुतेकांनी तिच्याखाली मनातल्या मनात तात्पर्यही लिहून टाकले: ‘शाळा ही फार चांगली गोष्ट आहे.’ कथेचा जीव गेला तो या ओळीपाशी.

कारण ही कथा ज्या जातकुळीची आहे तिला तात्पर्य मानवत नाही. तिला इंग्रजीत डिस्टोपिया म्हणतात आणि आता मराठीतही तोच शब्द रुळतो आहे. रामराज्य आपल्याला ठाऊक आहे, तसा थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये ‘युटोपिया’ नावाच्या बेटाचा घाट घातला. त्याच्या उलट शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये, आयर्लंडच्या जमिनीविषयी बोलताना सरकारच्या धोरणाला उद्देशून वापरला. शब्दाचा हा वापर ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण तो झाला कादंबरीत नव्हे, जमीनधोरणाच्या वादात. आपल्याकडे उलटे रामराज्य म्हटले की कलियुग आठवते, पण ते इथे पुरत नाही. कलियुगात दोष काळाचा असतो. युग फिरले, धर्म क्षीण झाला, माणसाच्या हाती नामस्मरणाखेरीज काही उरले नाही. डिस्टोपियात दोष नियमाचा असतो. कुणीतरी एक नियम केला, बहुतेकांना तो सोयीचा वाटला, पुढच्या पिढीला तो पाऊसपाण्याइतका स्वाभाविक वाटू लागला. वर्गात ही कथा शिकवताना सगळ्यात आधी हाच फरक सांगावा. शिक्षकाने विचारायचा प्रश्न एकच: या जगाचा नियम कोणता, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

भविष्यातली गोष्ट म्हटली की मुले यंत्रे मोजू लागतात. लेखकाचे कोणते भाकीत खरे झाले, कोणते चुकले, याची यादी निघते आणि तास संपतो. इथे सरफोजी राजांचेच एक नाटक मला फार उपयोगी वाटते. त्याचे नाव ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी म्हणजे डोंगरातली भविष्य सांगणारी बाई. दक्षिणेतल्या या नाट्यप्रकारात ती येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि पुढे काय होणार ते सांगते. प्रेक्षक तिच्या तोंडून भविष्यच ऐकायला बसलेले असतात. सरफोजींच्या मराठी नाटकातली कुरवंजी मात्र इंद्राणीपुढे जगाचा भूगोल गाऊ लागते: खंडे, देश, त्यांची नावे. भविष्यवेत्तीचा वेष आणि आत आजच्या जगाचा नकाशा. डिस्टोपियाची कथा हेच करते. ती २१५७ ची तारीख लावते, मुलीचा हात हातात घेते आणि सांगते ते आपल्याच घराचे. मुलांना एकदा ही कुरवंजी दाखवली की ती यंत्रे मोजायचे थांबवतील असे मला वाटते.

आणि योगायोग असा की आसिमोव्हच्या कथेतली अकरा वर्षांची मार्गी नापास होते आहे ती भूगोलातच.

तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. मार्गीचा शिक्षक म्हणजे तिच्या घरातले यंत्र. ते भूगोलाच्या चाचण्यांवर चाचण्या देते आणि दर वेळी तिची कामगिरी आणखी घसरते. आई मान हलवते आणि काउंटी इन्स्पेक्टरला बोलावणे धाडते. लाल चेहऱ्याचा, गोल अंगाचा तो माणूस अवजारांची पेटी घेऊन येतो, मार्गीला सफरचंद देतो, यंत्र उघडून सगळे भाग सुटे करतो. मार्गी मनात म्हणते, हे पुन्हा जोडता नाही आले तर बरे. पण तो जोडतो. मग आईला सांगतो की मुलीचा दोष नाही, भूगोलाचा विभाग जरा जास्त वेगात लावला गेला होता, आता तो दहा वर्षांच्या सरासरी मुलाच्या पातळीवर आणून ठेवला आहे. आणि तो मार्गीच्या डोक्यावर थोपटतो.

हा परिच्छेद वर्गात दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात इन्स्पेक्टर भला माणूस वाटतो आणि तो आहेही भला. दुसऱ्या वाचनात विचारावे: या संपूर्ण प्रसंगात मार्गीला एक तरी प्रश्न कुणी विचारला का? तुला कुठे अडते, काय आवडत नाही, कोणता देश पाहावासा वाटतो? आईने विचारले नाही, इन्स्पेक्टरने विचारले नाही, यंत्राने तर नाहीच. सगळे मायाळू आहेत. कुणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. ‘सरासरी’ नावाच्या मुलाला जे जमते ते हिला जमावे, एवढीच त्या जगाची अपेक्षा आहे. डिस्टोपिया म्हणजे काटेरी कुंपण, बंदुका आणि भिंतीवरचे डोळे, अशी मुलांची सिनेमावरून झालेली समजूत या सफरचंदापाशी मोडते. शिक्षकाने ती मोडू द्यावी आणि लगेच बोलू नये. वर्गातले कुणीतरी हळूच म्हणेल की आमच्या शिकवणीतही असेच असते. ते वाक्य येईपर्यंत थांबण्याची तयारी हवी. पाठ शिकवायचा असेल तर तो तिथे आहे.

कथेत टॉमी नावाच्या मुलाला घराच्या माळ्यावर छापील पुस्तक सापडते. पाने पिवळी, चुरगळलेली, आणि त्यावरचे शब्द हलत नाहीत, जागच्या जागी उभे राहतात, याचेच दोन्ही मुलांना नवल. तंजावरच्या शिक्षकाला या वाक्यासाठी वेगळे साहित्य शोधावे लागत नाही. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ताडपत्रांवर लोखंडी लेखणीने कोरलेली अक्षरे, मोडीतले दप्तर, सरफोजींनी जमवलेले युरोपीय ग्रंथ तिथे आहेत. मुलांना घेऊन जाण्याजोगे ते ठिकाण आहे. तिथल्या दालनात शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रेही मांडली आहेत: माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी मिळताजुळता पशू किंवा पक्षी. त्याच दालनात चीनमधल्या शिक्षांची चित्रेही आहेत. पशूच्या तोंडाची माणसे आणि राजसत्तेच्या शिक्षा एकाच छताखाली पाहिल्यावर इसापाच्या गोष्टी अचानक बालबोध राहत नाहीत.

आणि त्या मुळात बालबोध नव्हत्याच. परंपरा सांगते की इसाप गुलाम होता. फीड्रस हा रोमन कवी इसापाच्या गोष्टी लॅटिन पद्यात आणताना स्पष्ट सांगतो की गुलामाला मनातले उघड बोलता येत नव्हते म्हणून त्याने ते प्राण्यांच्या तोंडी घातले. राजा मागणाऱ्या बेडकांची गोष्ट घ्या. बेडकांना देवाने आधी ओंडका दिला, तो पुळचट वाटला म्हणून त्यांनी दुसरा राजा मागितला, तर त्यांना खाणारा साप आला. फीड्रसच्या म्हणण्याप्रमाणे इसापाने ही गोष्ट अथेन्सवर पिसिस्ट्राटसची हुकूमशाही आली तेव्हा सांगितली. इसापाच्या बहुतेक गोष्टींखालचे तात्पर्य मात्र पुढच्या संकलकांनी जोडले. म्हणजे ज्या ओळीला आपण परीक्षेत गुण दिले ती मूळ गोष्टीत नव्हती. गुलामाने ती मुद्दाम लिहिली नसेल. लिहिली असती तर गोष्ट सांगण्याची गरजच पडली नसती.

म्हणून मी नववीच्या वर्गात आसिमोव्हच्या आधी बेडूक घेईन. गोष्ट तमिळमध्ये सांगावी, इंग्रजीत सांगावी, घरी तंजावर मराठी बोलणारे मूल असेल तर त्याला त्याच्या बोलीत सांगू द्यावी. मग तात्पर्य न विचारता विचारावे की ओंडका राजा असताना बेडकांचे नेमके काय बिघडले होते. उत्तरे भांडणाऱ्या दोन पक्षांसारखी येतील. १८०६ चे पुस्तक निघाले त्याआधी सातच वर्षे, १७९९ मध्ये, सरफोजींनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून राज्यकारभार सोडला होता. वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा घेऊन ते किल्ल्यापुरते राजे उरले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने गादीच बुडवली. मुलांना हा इतिहास माहीत असेल तर बेडकांच्या तळ्याचे पाणी त्यांना ओळखीचे वाटेल.

यानंतर घ्यायच्या कथेला तमिळनाडूतल्या वर्गाइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही. शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ १९४८ च्या जूनमध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये आली. उन्हाळ्याची प्रसन्न सकाळ, गावचे लोक चौकात जमलेले, जुनी काळी पेटी, तिच्यातून चिठ्ठ्या उचलायच्या. मुले खिशात गोटे भरत असतात आणि वाचकाला ते खेळ वाटतात. खूण केलेली चिठ्ठी ज्याच्या हाती येते त्याचे काय होते हे शेवटच्या पानावर कळते. त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेच्या वर पत्रे आली. बरेच वाचक संतापलेले होते, काहींना असे गाव खरोखर कुठे आहे ते हवे होते.

तमिळ मुलाला चिठ्ठीची पेटी शाळेतच भेटलेली असते. त्याला ‘कुडवोलै’ माहीत असते. दहाव्या शतकात परांतक चोळाच्या कारकिर्दीत उत्तरमेरूरच्या देवळावर कोरलेला लेख सांगतो की गावसभेच्या समित्या कशा निवडायच्या: लायक माणसांची नावे ताडपत्रावर लिहायची, घड्यात घालायची आणि लहान मुलाकडून एकेक पत्र काढवून घ्यायचे. आपल्या जुन्या लोकशाहीचा दाखला म्हणून हा लेख अभिमानाने शिकवला जातो. आता दोन्ही चिठ्ठ्या फळ्यावर शेजारीशेजारी मांडा. साधन एकच, लहान मुलाचा हातही दोन्हीकडे. एका गावात चिठ्ठीतून कारभारी निघतो, दुसऱ्यात बळी. मग चिठ्ठी चांगली की वाईट? थोड्या वेळाने कुणीतरी विचारेल की घड्यात नावे कुणाची घातली जात. लेखात अटी आहेत: वय पस्तीस ते सत्तर, स्वतःची करपात्र जमीन, स्वतःचे घर, वेदांचे ज्ञान. बायका नाहीत, भूमिहीन नाहीत. उलट जॅक्सनच्या पेटीपुढे कुणालाच सूट नाही, अगदी डेव्ही नावाच्या लहानग्यालाही. समान संधी आहे, फक्त कशाची ते विचारायचे कुणाला सुचत नाही. या तुलनेने चोळांचा अपमान होत नाही. नियम वाचताना त्यातून वगळलेल्यांची यादीही वाचायची असते, एवढे मुलांना त्यातून कळते.

‘हॅरिसन बर्जरॉन’ ही कर्ट व्हॉनेगट यांची १९६१ ची कथा बाहेरच्या देशांतल्या वर्गांत फार लोकप्रिय आहे. २०८१ साल, कायद्याने सगळे समान, म्हणून बलवानांच्या गळ्यात ओझी, हुशारांच्या कानात दर काही सेकंदांनी कर्कश आवाज. कथा झटकन पकड घेते आणि तिचा धोकाही तिथेच आहे. आपल्याकडे नववी-दहावीचे मूल ती वाचून ‘समता म्हणजे वरच्यांना खाली ओढणे’ असा निष्कर्ष काढते आणि आरक्षणावरच्या घरी ऐकलेल्या चर्चेशी तो जोडून मोकळे होते. पुरेसे तास हाताशी नसतील तर मी ही कथा घेणार नाही. घेतलीच तर आधी हे विचारीन की या कथेत पूर्वी कुणाच्या गळ्यात ओझे होते याचा एक तरी उल्लेख आहे का. नाही. लेखकाने तो भूतकाळ पुसून टाकला आहे. आपल्या देशात तो पुसता येत नाही.

हे सांगताना तंजावरपुरते तरी एका गावाचे नाव घ्यावेच लागते. उर्सुला ले ग्विन यांच्या १९७३ च्या ‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलस’ या कथेत एक सुखी, समृद्ध, उत्सवात न्हालेले नगर आहे आणि त्याचे सगळे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर उभे आहे. नगरातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. ही कथा महाविद्यालयातल्या मुलांसाठी ठेवावी. तंजावर हे दक्षिणेचे भाताचे कोठार. त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातल्या, आता नागपट्टिनम जिल्ह्यात असलेल्या कीळवेणमणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित शेतमजुरांना, त्यांत बायका आणि मुले जास्त, झोपडीत कोंडून जाळण्यात आले. वाद होता मजुरीत थोडे जास्त भात मिळावे याचा. त्यावर इंदिरा पार्थसारथी यांनी ‘कुरुदिप्पुनल’ ही तमिळ कादंबरी लिहिली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कीळवेणमणी माहीत असलेल्या विद्यार्थ्यापुढे ओमेलस ही ‘कल्पना करा’ म्हणून ठेवायची कथा राहत नाही. मराठीत बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधल्या कथा वाचतानाही हेच जाणवते. काहींसाठी डिस्टोपिया भविष्यात नाही, त्यांच्या आज्याच्या आठवणीत आहे. वर्गात अशी मुले बसलेली असतात याचे भान ठेवून आवाज लावावा.

भय दाखवतानाच श्वास घ्यायला जागाही हवी. त्यासाठी रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ आहे. १९०५ मध्ये ती मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये छापली गेली. तिच्यातल्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्यात राहतात आणि स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. वर्ग हसतो. हसू ओसरले की ध्यानात येते की लेखिकेने एकच नियम उलटा केला आहे आणि त्यात हसण्यासारखे जे वाटले ते सुलट्या बाजूने कुणालाच हसण्यासारखे वाटत नव्हते.

आसिमोव्हची कथा आजच्या मुलांना आमच्यापेक्षा वेगळी भिडते, कारण त्यांनी मार्गीची खोली पाहिली आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. तमिळनाडूत ‘कल्वी’ वाहिनीवरून धडे दाखवले गेले, घरात फोन असला तर फोनवर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने ‘इल्लम् तेडि कल्वी’, म्हणजे घर शोधत येणारे शिक्षण, अशी योजना सुरू करून संध्याकाळी मुलांच्या वस्तीत शिकवायला स्वयंसेवक पाठवले. ज्या मुलाच्या घरी एकच फोन होता आणि तो वडील कामावर नेत, त्याला यंत्रशिक्षक हे संकट वाटत नाही. त्याला तो मिळालाच नव्हता. मार्गीकडे स्वतःचे यंत्र आहे, दुरुस्त करायला इन्स्पेक्टर घरी येतो. या मुलाने हात वर केला तर कथेची दुसरी बाजू उघडते, आणि ती आसिमोव्हलाही दिसलेली नव्हती.

शेवटी मुलांनी स्वतः लिहावे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात १२ जून ही तारीख शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ असते, कारण कुरुवै हंगामासाठी मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याचा तो ठरलेला दिवस. त्या दिवसाची गोष्ट एका पानात लिहायला सांगावी. वर्ष पुढचे घ्यावे, पण बाकी सगळे जसे आहे तसे: मोठ्या देवळाची सावली, बसस्टँड, वरंब्यावरून शाळेत जाणारी मुले. नियम फक्त एक बदलायचा, आणि तो कुठेही लिहून सांगायचा नाही. मग कागद बाकावरून बाकावर फिरवावेत. वाचणाऱ्याने खाली त्या जगाचा नियम लिहायचा. पाच जणांनी पाच वेगळे नियम लिहिले तर त्यावर तासभर बोलावे. पाचही जणांनी शब्दशः एकच लिहिला तर लिहिणाऱ्याने कुठेतरी तो सांगून टाकला आहे. ते वाक्य शोधून खोडावे आणि कागद पुन्हा फिरवावा.